थांबणारी ओंजळ

सकाळी साडेसातला बार्शीच्या त्या बाल रुग्णालयात ड्युटी बदलायची. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात आलेल्या सिस्टर आधी हात धुवायच्या, कोपरापर्यंत, घड्याळ लावून तीन मिनिटं. आणि मग ते धुतलेले हात घेऊन नुसत्या उभ्या राहायच्या. कारण पेटीत हात घालायचाच नाही, असा आठ महिन्यांपासून नियम होता.

पेटीत हात होते, पण ते ओंजळीचे. प्रत्येक काचेच्या पेटीत बाळाच्या डोक्याशी एक आणि पायांशी एक असे दोन मऊ, पारदर्शक, अंगासारखेच ऊबदार तळवे बसवलेले होते. त्या जोडीलाच सगळे ओंजळ म्हणायचे. बाळ अस्वस्थ झालं की ते हलकेच मिटायचे आणि पोटात असतं तसं त्याला मुटकुळं करून धरायचे. पंचविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ अधूनमधून श्वास घ्यायलाच विसरतं. मेंदूला ती सवय लागलेली नसते. तसं झालं, की वीस सेकंद वाट पाहून पायांकडचा तळवा त्याचा तळपाय चोळायचा. बाळाला आठवण व्हायची आणि छाती पुन्हा हलायला लागायची.

हे हात होते ग्लोरियाबाईंचे. एवढी लहान बाळं एकेका रुग्णालयात वर्षाला येऊन येऊन येणार किती? दहा, फार तर वीस. तेवढ्यावरून कुणाला काय कळणार? म्हणून अकरा देशांतल्या दीडशे वॉर्डांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या होत्या. कोणत्या परिचारिकेच्या हाताखालची बाळं सगळ्यांत लवकर सावरतात, हे संगणकानं त्यातून शोधलं आणि नाव काढलं कोलंबियातल्या मेडेलिन शहराच्या ग्लोरियाचं. संवेदक लावलेले हातमोजे घालून तिचा स्पर्श नोंदवला गेला, आणि आता तो एकाच वेळी चार हजार पेट्यांत काम करत होता. ती बाई तिकडे झोपलेली असली तरी तिचा हात इकडे बार्शीत बाळांना आवरत असे.

"काय हात आहे हो बाईचा! निव्वळ लोणी!" नूतन सिस्टर रोज सकाळी म्हणायची.

"मग लाव तिला अजून लोणी," हेमलता सिस्टर म्हणायची आणि तक्ता घेऊन पुढच्या पेटीकडे जायची.

हेमलता दुधाळ. या वॉर्डात चोवीस वर्षं काढलेली बाई. तिची ड्युटी असली की बाळं श्वास विसरत नाहीत, असं आया एकमेकींना सांगायच्या. पार परांड्याहून, वैरागहून आलेल्या बायका विचारायच्या, "त्या दुधाळ सिस्टर कधी येणारेत?" आणि आता? आता तिनं हात धुवायचे आणि एका परदेशी बाईचे हात काम करताना बघत बसायचं. अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय होईल?

तिनं फोनवर ग्लोरियाचे फोटो शोधून काढले होते. गुबगुबीत, हसरी, पन्नाशीची बाई. एका लग्नातल्या फोटोत तिच्या बोटांना लालभडक नेलपॉलिश होतं. "नखं रंगवते आणि म्हणे नर्स," हेमलतानं मनाशीच ठरवून टाकलं. त्या दिवशी तिला जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोटात दुखायला लागलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. हेमलताला एक गोष्ट ठाऊक होती, जी ग्लोरियाला ठाऊक नव्हती. श्वास थांबायच्या वीसेक सेकंद आधी बाळाची हनुवटी बारीकशी थरथरते आणि पायांची बोटं पंख्यासारखी फाकतात. कुणाची ठळक, कुणाची जेमतेम. हे ती या वॉर्डात आल्या आल्याच शिकली होती, आपली आपणच. बोटं फाकलेली दिसली रे दिसली, की ती अंगठ्यानं टाचेपासून वर एक घट्ट रेघ ओढायची. श्वास थांबायचाच नाही. आणि थांबलाच नाही, तर लिहायचं काय? तक्त्यावर श्वास थांबल्याच्या नोंदीचा एक रकाना असायचा. त्यात ती चोवीस वर्षं एकच शब्द लिहीत आली होती : निरंक. इतर सिस्टरांच्या रकान्यात चार-चार, पाच-पाच नोंदी, आणि हिचा रकाना निरंक. त्याचा तिला केवढा अभिमान!

ओंजळ बार्शीत आली तेव्हा ती वॉर्डप्रमुख डॉ. मुजावरांकडे गेली होती. नाही म्हटलं तरी आवाज चढलाच.

"सर, आपल्या वॉर्डाच्या नोंदी गेल्या ना त्यांच्याकडे? मग माझं नाव यादीत शेवटच्या पानावरसुद्धा कसं नाही?"

डॉ. मुजावर सरळ माणूस. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "दुधाळ सिस्टर, संगणक काय बघतो? संकट आलं, कुणी काय केलं, बाळ किती वेळात सावरलं. तुमच्या ड्युटीत संकटच नाही. चोवीस वर्षं काही घडलेलंच नाही. त्याला वाटतं, तुमच्या वाट्याला सगळी धडधाकट बाळं आली."

"घडू दिलं नाही म्हणून घडलं नाही!"

"मला पटतं हो. पण त्याची नोंद कुठंय?"

तिनं त्यांना बोटांचं आणि हनुवटीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कागदावर टिपलंही. पण अकरा देशांच्या त्या प्रकल्पाला एकीचा अनुभव चालत नसे, पेटीतल्या कॅमेऱ्यानं टिपलेला पुरावा लागे. आणि पेटीत कॅमेरा आला त्याच दिवशी हात घालायला बंदी आली होती. संसर्ग नको म्हणून. ओंजळ हरली, बाळ सावरलं नाही, तरच माणसानं पुढं व्हायचं. हेमलता केबिनमधून बाहेर पडली ती ठरवूनच. आता आपण होऊन एक अक्षर बोलायचं नाही. विचारा म्हणावं तुमच्या ग्लोरियाबाईंना.

आठ महिने तिनं जीभ आवरली. बोटं फाकलेली दिसायची, ती मनात आकडे मोजायची, श्वास थांबायचा, ओंजळ हलायची, बाळ सावरायचं. प्रत्येक वेळी तिला हायसं वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, थोडी निराशाही व्हायची.

मग कोमल सरवदेची मुलगी आली. पंचवीस आठवडे, सातशे दहा ग्रॅम. कोमल वैरागची, पहिलटकरीण. पेटीच्या काचेला नाक लावून बसायची. "सिस्टर, माजं लेकरू जगंल का वो?" हा एकच प्रश्न ती ज्याला-त्याला विचारायची, झाडूवाल्या मावशींनासुद्धा.

नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला डॉ. मुजावर पाहुण्यांना वॉर्ड दाखवत होते. शेजारच्या जिल्ह्यातले चार डॉक्टर होते, आणि सगळ्यांच्या तोंडी ग्लोरियाचा हात. हेमलता तिसऱ्या पेटीपाशी, कोमलच्या मुलीजवळ उभी होती. बाळ सकाळपासून मलूल होतं, रंग उतरलेला होता. ओंजळीला हे झेपणार नाही, असं तिला आत कुठंतरी स्पष्ट वाटलं. आणि तेवढ्यात हनुवटी थरथरली. बोटं फाकली.

हात तिच्या खिशात होता. धुतलेला, कोरडा, तयार. नियम मोडून तो आत घातला असता, तर पाहुण्यांसमोर बोलणी खावी लागली असती. पण नियमाचा विचार तिच्या मनात आला तो नंतर. त्या क्षणी मनात होतं ते एवढंच : होऊ दे. बघू देत सगळ्यांना, तिचा हात कसा हरतो ते.

ती बघत राहिली. हो, चोवीस वर्षांची अनुभवी बाई नुसती बघत राहिली. विसाव्या सेकंदाला श्वास थांबला. चाळिसाव्याला ओंजळ हलली, तळपाय चोळला. काही झालं नाही. रक्तातला प्राणवायू नव्वदवरून सत्तर, साठ. बाळ निळं पडायला लागलं. कोमल किंचाळली. पन्नासाव्या सेकंदाला हेमलतानं पेटीची खिडकी उघडून हात आत घातला आणि टाचेपासून बोटांपर्यंत ती एक घट्ट रेघ ओढली. बाळानं आचका दिला. मग रडलं, मांजराच्या पिलाइतक्या आवाजात, पण रडलं.

वॉर्डात टाळ्या पडल्या. डॉ. मुजावरांचे डोळे पाणावले होते. "ग्लोरियाच्या हाताला जमलं नाही, ते आमच्या दुधाळ सिस्टरांच्या हातानं केलं!" कोमल तर तिच्या पायाच पडली. हेमलता मात्र कुणाकडे बघत नव्हती. लोकांना वाटलं, संकोचानं.

पेटीच्या पडद्यावर प्रश्न उमटले. माणसानं हस्तक्षेप केला की ते उमटतच. 'आपण काय पाहिलंत?' तिनं सांगितलं, हनुवटी आणि बोटं. 'आपला स्पर्श योग्य वेळी झाला का?' खाली दोन चौकोन : होय, नाही.

मागे पाच डॉक्टर उभे होते. तिनं 'होय' दाबलं.

त्यानंतर चक्रं अशी फिरली, की तिचं तिलाच खरं वाटेना. अकरा देशांच्या संगणकानं जुन्या चित्रफिती पुन्हा तपासल्या आणि बोटं फाकण्याची खूण हजारो बाळांत सापडली. प्रकल्पाचे लोक बार्शीला आले. सरावाच्या बाहुलीवर हेमलताची ती रेघ तेच हातमोजे घालून दोनशे वेळा नोंदवून घेतली. दोन महिन्यांत तिचा हात चाचणीसाठी सहाशे पेट्यांत गेला. वजनानं मोठी बाळं त्या हातानं ग्लोरियाच्या हातापेक्षा लवकर सावरायला लागली. वर्तमानपत्रात फोटो आला. नूतन सिस्टर आता म्हणायची, "आमच्या हेमाताईंचा हात म्हणजे..." आणि हेमलता लोण्याचं काही बोलायची नाही.

ग्लोरियानंही निरोप पाठवला होता. 'तुमच्याकडून शिकायला मिळतंय, हे माझं भाग्य.' हेमलतानं तो दहा वेळा वाचला. खवचटपणा शोधला, सापडला नाही. मग तिला त्याचाच राग आला. आपण जळून जळून कोळसा झालो, आणि हिला साधा चटकासुद्धा कसा बसत नाही?

कोमलची मुलगी दोन किलोची होऊन घरी गेली. जायच्या दिवशी कोमलनं वॉर्डाच्या दारातच हेमलताची ओटी भरली, खण-नारळानं. "तुमी हुता म्हनून," ती म्हणाली. हेमलतानं नारळ घेतला. त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं तो फोडला नाही, नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच खेकसली.

नव्या हाताचा संच बार्शीला आला तो एका मंगळवारी. पहिल्याच पेटीत येरमाळ्याच्या एका बाईचं चोवीस आठवड्यांचं बाळ होतं, सहाशे वीस ग्रॅम. मुलगा. हेमलता स्वतःचाच हात बघायला पेटीपाशी उभी राहिली. मनात थोडी धाकधूक होती आणि मिरवायची हौसही होती.

हनुवटी थरथरली. बोटं फाकली. पायांकडचा तळवा लगेच उचलला गेला. खूण ओळखली त्यानं! तो तळपायाच्या वर, दोन बोटांच्या अंतरावर आला. आणि तिथंच थांबला.

हेमलताला वाटलं, यंत्र अडकलं. दहा सेकंद. वीस. श्वास थांबला. तळवा तसाच अधांतरी, निवांत. तीस. चाळीस. प्राणवायू घसरायला लागला. तळव्यात ना थरथर, ना घाई. अगदी कुणीतरी खिशात हात घालून उभं असावं तसा.

तिनं खिडकी उघडली आणि हात आत घातला. बाळ सावरलं.

"सर, ते थांबलं," ती धावतच केबिनमध्ये गेली. "माझा हात थांबला!"

"थांबणारच," डॉ. मुजावर हसले. "तुम्हीच शिकवलंत ना? खूण दिसली तरी पन्नास सेकंद थांबायचं. बाळाला स्वतःहून श्वास घ्यायची संधी द्यायची. त्याच्यावर मोठा लेख येतोय. नाव काय ठेवलंय, माहितेय? दुधाळ विराम! आज दुपारच्या बैठकीत मंजूर झाला, की चारही हजार पेट्यांत जाईल."

"पण लहान बाळांना तो सोसत नाही."

"सहाशे-सातशे ग्रॅमच्या बाळांत त्रास दिसतोय थोडा, खरंय. दोघातिघांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पण एवढ्या लहान बाळांत तो एरवीही होतो. आणि विराम नसलेला हात बरा, असा पुरावा कुठंय? खूण दिसताक्षणी कुणी हात लावल्याची अकरा देशांत एकही नोंद नाही."

हेमलता खुर्चीत बसली. चोवीस वर्षं तिनं दुसरं केलं तरी काय होतं? हजार वेळा, दोन हजार वेळा खूण दिसताक्षणी हात लावला होता. आणि प्रत्येक वेळी तिनं निरंक लिहिलं होतं. नोंद राहिली होती ती एकाच वेळेची, ती थांबली होती त्या वेळेची. बाहुलीवरून घेतली ती नुसती रेघ, थांबणं आलं ते त्या एका नोंदीतून. संगणकाला मत्सर कळत नाही. पन्नास सेकंद एक जाणती बाई बाळाकडे टक लावून उभी राहिली, एवढंच त्याला दिसलं. आणि तिनंच त्याला सांगितलं होतं, की हेच बरोबर.

"सर, माझी त्या दिवशीची नोंद काढून टाका."

"का?"

तिनं सांगितलं. सगळं. नेलपॉलिशपासून सांगितलं. डॉक्टरांनी उठून दार लोटून घेतलं.

"नियम तुमच्या बाजूनं आहे. ओंजळ हरल्याशिवाय हात घालायचा नाही, तुम्ही घातला नाहीत. नोंदीत तांत्रिक चूक होती म्हणून आपण मागं घेऊ. कुणाला कळायचं कारण नाही."

"त्यांना पटेल?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. लेख तयार होता, मोठी बाळं सुधारत होती. नुसत्या 'तांत्रिक चूक' या दोन शब्दांवर कुणी विराम काढला नसता. का थांबली, ते सांगितल्याशिवाय कोण ऐकणार?

"नोकरी जाईल, सिस्टर. कदाचित परवानाही. आणि ती वैरागची मुलगी, कोमल..."

"तिच्या घरी मीच जाणार आहे. तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

दुपारी तीन वाजता पडद्यावर अकरा देश जमले. कुठं पहाट होती, कुठं संध्याकाळ. प्रत्येकाच्या कानात दुभाषी यंत्र होतं. ज्यानं-त्यानं आपल्या भाषेत बोलायचं, ऐकणाऱ्याला त्याच्या भाषेत ऐकू यायचं. वरच्या ओळीत ग्लोरिया होती. हेमलताला बघून तिनं दोन्ही हात हलवले. अध्यक्षबाईंनी दुधाळ विरामाचा ठराव वाचला आणि विचारलं, दोन शब्द बोलणार का?

हेमलता उभी राहिली. लिहून आणलेला कागद तिनं उघडलाच नाही.

"तो विराम नाही," ती म्हणाली. "मी थांबले होते. मला खूण दिसली होती, काय करायचं तेही माहीत होतं. पण मला ग्लोरियाबाईंचा हात हरलेला बघायचा होता. मी जळत होते त्यांच्यावर. बाळ निळं पडेपर्यंत मी बघत राहिले, आणि मग विचारल्यावर खोटं सांगितलं. तुमच्या पेट्यांमध्ये जे थांबतंय, तो माझा मत्सर आहे. आजच्या आज तो काढा. खूण दिसली की लगेच हात लावा. मी चोवीस वर्षं तेच करत आले, लिहिलं मात्र कधीच नाही."

दुभाषी यंत्राला अकरा भाषांत पोचायला दोन क्षण लागले. मग एकेका चौकटीतले चेहरे बदलत गेले. कुणीतरी तोंडावर हात घेतला. एका देशाचे डॉक्टर उठून चौकटीबाहेर गेले, बहुतेक सरळ वॉर्डात. अध्यक्षबाईंनी ठराव बाजूला ठेवला, आणि विराम ताबडतोब बंद करण्याची सूचना सगळ्या वॉर्डांना धाडली. ते सगळं पाच मिनिटांत झालं. हेमलता अजून उभीच होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, फक्त ग्लोरिया बघत होती.

आता ही काय बोलणार, ते हेमलताला ठाऊकच होतं. शिव्या दे बाई, तुझा हक्क आहे.

पण ग्लोरियाचा चेहरा रागावलेला नव्हता. घाबरलेला होता. ती आपले तळवे समोर धरून पाहत होती, उलटेसुलटे करून.

"माझा स्पर्श नोंदवला त्या महिन्यात," ती हळू आवाजात म्हणाली आणि मराठी आवाज हेमलताच्या कानात बोलू लागला, "आमच्या वॉर्डात एक बाई होती. तिचं बाळ होतं पेटीत. तिचं-माझं अजिबात पटत नव्हतं. तिच्या बाळालाही मी इतरांसारखंच हाताळलं, असं मला आजवर वाटत आलंय. अगदी मनापासून वाटत आलंय." तिनं तळवे खाली घेतले. "हेमलता, तुम्हाला निदान माहीत होतं तुम्ही काय केलंत ते. माझा हात तीन वर्षं चार हजार पेट्यांत आहे. मलाच जे ठाऊक नाही, ते त्यात कुणी शोधायचं?"